विरोधी पक्षाचा नवा नेता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही पक्षात नेतेपदाची निवडणूक झाली की पुढचे काही आठवडे तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अवघडाकडे. उदाहरणांत भारत आणि ब्रिटन जास्त दिसतील, कारण विरोधी पक्षाचा नेता हे पद संसदीय पद्धतीतच खऱ्या अर्थाने असतं. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात पुन्हा न उगाळता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पक्षाध्यक्ष आणि विरोधी पक्षनेता म्हणजे एकच माणूस ना?

दरवेळी नाही. पक्षाध्यक्ष संघटना सांभाळतो, तर विरोधी पक्षनेता हे सभागृहातलं पद आहे. काँग्रेसने ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांना अध्यक्ष निवडलं (खर्गे ७,८९७ मतं, शशी थरूर १,०७२), पण लोकसभेतलं विरोधी पक्षनेतेपद जून २०२४ मध्ये राहुल गांधींकडे गेलं. ब्रिटनमध्ये सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता तोच सभागृहातला विरोधी पक्षनेता. जर्मनीत फ्रीडरिश मेर्त्स यांनी डिसेंबर २०२१ मध्ये सदस्यांच्या मतदानात सीडीयू या पक्षाचं अध्यक्षपद जिंकलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये संसदीय गटाचं नेतेपदही घेतलं. संघटना एकाच्या हातात आणि सभागृहातला माइक दुसऱ्याच्या, असं असलं की पत्रकार पहिल्या दिवसापासून दोघांच्या विधानांतली तफावत शोधत बसतात, आणि ती सापडतेच.

२. सर्वात मोठा विरोधी पक्ष असला की विरोधी पक्षनेतेपद आपोआप मिळतं का?

भारतात नाही. १९७७ च्या कायद्यानुसार विरोधातल्या सर्वाधिक संख्याबळाच्या पक्षाचा नेता हा विरोधी पक्षनेता, पण अध्यक्षांनी त्याला तशी मान्यता द्यायला हवी. ज्या १० टक्क्यांवरून एवढा वाद होतो ती अट या कायद्यात नाहीच. ती पहिले लोकसभाध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या काळापासून चालत आलेली प्रथा. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर किमान ५५ खासदार लागतात. काँग्रेसचे २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ निवडून आले, म्हणून दहा वर्षं पद रिकामं राहिलं. २०२४ मध्ये ९९ आले आणि प्रश्न मिटला. महाराष्ट्र विधानसभेत २८८ च्या हिशेबाने २९ हवेत. २०२४ च्या निकालात सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचे २० आमदार होते.

पद नसलं म्हणून काय बिघडतं, असंही विचारलं जातं. कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, कार्यालय, कर्मचारी हे झालंच. खरी किंमत आहे ती सीबीआय संचालक, मुख्य माहिती आयुक्त, मुख्य निवडणूक आयुक्त, लोकपाल यांच्या निवड समित्यांमधल्या खुर्चीची. बहुतेक कायद्यांत विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वात मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला बोलावण्याची सोय आहे. लोकपाल कायद्यात ती नव्हती. मग २०१८ मध्ये खर्गे यांना ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावणं आलं. मताचा अधिकार नसलेल्या खुर्चीत बसायला त्यांनी नकार दिला, आणि पहिला लोकपाल नेमला गेला तो त्यांच्याशिवायच, मार्च २०१९ मध्ये.

३. निवडून आल्यावर पहिलं काम कोणतं?

लोकांना वाटतं, सरकारवर तुटून पडणं. पण सभागृहात सरकार समोर बसतं आणि स्वतःचे खासदार पाठीमागे. नव्या नेत्याची पहिली परीक्षा पाठीमागचे घेतात.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रतोद, म्हणजे पक्षाच्या खासदारांना एकत्र ठेवणारा माणूस, ठरवायचा. कोण नाराज आहे, कोण कुणाच्या घरी जेवायला गेला, कोण सत्ताधाऱ्यांच्या चहाला थांबला, हे ज्याला कळतं असा माणूस. मग खाती वाटायची, म्हणजे कुठल्या मंत्र्याच्या मागे कोण लागणार ते ठरवायचं. ब्रिटनमध्ये याला छाया मंत्रिमंडळ म्हणतात.

अडचण अशी की निवडणूक जिंकताना नेत्याने जेवढ्यांना शब्द दिलेला असतो तेवढी पदं नसतात. पंतप्रधान नाराज माणसाला मंत्रिपद देऊ शकतो, एखादं महामंडळ देऊ शकतो. विरोधी नेत्याकडे वाटायला असतं ते फक्त दिसणं: पहिल्या रांगेतली जागा, अर्थसंकल्पावर पहिलं भाषण कुणाचं, पत्रकार परिषदेत शेजारी कोण. बाहेरच्याला या क्षुल्लक गोष्टी वाटतात. आतल्या माणसाचं वर्षाचं राजकारण त्यावर ठरतं.

४. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला मोठं पद द्यावं की चार हात लांब ठेवावं?

द्यावं, आणि लवकर द्यावं. ब्रिटनच्या हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षात मार्गारेट थॅचर यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये नेतेपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत विली व्हाइटलॉ यांना १४६ विरुद्ध ७९ असं हरवलं आणि त्यांनाच उपनेता केलं. व्हाइटलॉ पुढे अनेक वर्षं त्यांचे सर्वात भरवशाचे सहकारी राहिले. तिथल्याच मजूर (लेबर) पक्षात टोनी ब्लेअर यांनी १९९४ मध्ये ज्या जॉन प्रेस्कॉट यांना हरवलं, तेच उपनेते झाले, कारण उपनेतेपदाची निवडणूक त्यांनी त्याच वेळी जिंकली होती. म्हणजे नेत्याच्या मनात नसलं तरी पक्षच कधी कधी तोल सांभाळतो.

पद दिलं म्हणून कायमचं दिलं, असं मात्र नाही. कीअर स्टार्मर यांनी एप्रिल २०२० मध्ये हरलेल्या रिबेका लाँग-बेली यांना छाया शिक्षणमंत्री केलं आणि जूनमध्ये एका पोस्टवरून काढलंही. आधी मानाने घेऊन मग काढणं जमलं, ते आधीपासूनच बाहेर ठेवलेल्या माणसाबाबत जमलं नसतं. बाहेर ठेवलेला रोज बोलतो.

५. कार्यकर्त्यांनी भरभरून मतं दिली, पण खासदारांनाच नेता नको असेल तर?

नव्या नेत्यापुढची सर्वात चिवट अडचण हीच, आणि ती पद्धतीतूनच जन्मते. शेवटचा कौल सदस्यांचा असेल तर सभागृहातल्या सहकाऱ्यांना न आवडणारा माणूसही आरामात निवडून येतो.

हुजूर पक्षाचे इयन डंकन स्मिथ हे २००१ चं उदाहरण. खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क यांना ५९, डंकन स्मिथ यांना ५४ आणि मायकेल पोर्टिलो यांना ५३ मतं होती. पक्षाचे खासदार होते १६६, म्हणजे तिघांतल्या कुणालाही निम्म्यांचाही पाठिंबा नव्हता. सदस्यांनी डंकन स्मिथ यांना सुमारे ६१ टक्के मतं दिली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००३ मध्ये, खासदारांनीच अविश्वास दाखवून त्यांना ९० विरुद्ध ७५ असं घालवलं आणि मायकेल हॉवर्ड यांना बिनविरोध बसवलं.

मजूर पक्षात उलटं घडलं. जेरेमी कॉर्बिन यांना २०१५ मध्ये उमेदवारीसाठी ३५ खासदारांच्या सह्या हव्या होत्या. ३६ मिळाल्या, त्यातल्या काही तर ‘चर्चा व्हावी’ म्हणून उसन्या. जून २०१६ मध्ये खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास ठराव केला. पण त्या पक्षाच्या नियमांत अशा ठरावाने नेता जात नाही. फेरनिवडणूक झाली आणि कॉर्बिन ६१.८ टक्क्यांनी परत आले. नियमावली कंटाळवाणी वाटते, पण हुजूर आणि मजूर पक्षांत एवढाच फरक होता. नव्या नेत्याने विजयाचं भाषण नंतर लिहावं, आधी पक्षाची घटना वाचावी.

६. माजी नेता अजून पक्षातच, मागच्या बाकावर बसलेला असेल तर?

त्रास होतो आणि तो बराच काळ चालतो. हुजूर पक्षाचे आधीचे नेते एडवर्ड हीथ यांनी थॅचर यांच्या हाताखाली काम करायला नकार दिला आणि २००१ पर्यंत खासदार राहून मनातली अढी कधी लपवली नाही. तरीही थॅचर यांचं फार बिघडलं नाही, कारण हीथ यांच्यामागे गट उरला नव्हता. माजी नेता किती बोलतो हे मोजण्यात अर्थ नसतो, त्याच्याबरोबर किती जण उठून जातील ते पाहायचं. पडद्यामागून सूत्रं हलवणारा माजी नेता हा त्याहून वाईट प्रकार, कारण तिथे नव्या नेत्याला भांडायलाही समोर कुणी नसतं.

७. मागच्या पराभवाबद्दल माफी मागावी की विषय मिटवून टाकावा?

माफीने फारसं काही होत नाही. मतदाराला हवी असते खूण, पक्ष बदलल्याची दिसणारी खूण, आणि ती बहुधा स्वतःच्याच लोकांना दुखावल्याशिवाय मिळत नाही.

मजूर पक्ष १९८३ मध्ये २७.६ टक्क्यांवर आणि २०९ जागांवर आला. नील किनॉक नेते झाले. १९८५ च्या बोर्नमथ अधिवेशनात त्यांनी लिव्हरपूलच्या कडव्या डाव्या नगरपरिषदेवर भर सभेत हल्ला चढवला. भाषण चालू असताना लिव्हरपूलचेच खासदार एरिक हेफर व्यासपीठावरून उठून निघून गेले, सभागृहात आरडाओरडा झाला, आणि सगळं दूरचित्रवाणीवर दिसलं. अधिवेशनात भांडण नको म्हणून नेते जिवाचा आटापिटा करतात. किनॉक यांना ते भांडण हवं होतं. ब्लेअर यांनी नेतेपद मिळाल्यावर वर्षभरात, एप्रिल १९९५ मध्ये, १९१८ पासूनचं पक्षघटनेतलं सार्वजनिक मालकीचं कलम बदलून घेतलं, तोही त्याच जातीचा डाव.

पण एक लक्षात घ्या. किनॉक १९८७ आणि १९९२ अशा दोन्ही निवडणुका हरले. साफसफाई करणारा आणि जिंकणारा एकच माणूस असेल असं नाही.

८. सरकारच्या प्रत्येक निर्णयाला विरोध करणं हेच त्याचं काम ना?

नाही, आणि जो तसं करतो त्याचा विरोध लोक ऐकेनासे होतात. बरीच विधेयकं तांत्रिक असतात, ती विरोधकांच्या मदतीनेच मंजूर होतात. कौशल्य आहे ते निवडण्यात: कुठे सभात्याग, कुठे दुरुस्ती सुचवणं, कुठे मुकाट्याने हात वर करणं.

आणीबाणीसारख्या प्रसंगात हे फार अवघड होतं. डंकन स्मिथ यांच्या निवडीची घोषणा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांमुळे एक दिवस पुढे गेली होती. मार्च २००३ मध्ये त्यांनी इराक युद्धावर सरकारला पूर्ण पाठिंबा दिला. पुढे युद्ध अंगाशी आलं, तेव्हा हुजूर पक्षाला बोलायला तोंड राहिलं नाही. ठाम विरोध केलेल्या चार्ल्स केनेडी यांच्या लिबरल डेमोक्रॅट्सनी २००५ मध्ये ६२ जागा मिळवल्या. स्टार्मर नेते झाले ते टाळेबंदीत, विजयाचं भाषणही घरात चित्रित केलेलं. त्यांनी उद्दिष्टाला पाठिंबा आणि अंमलबजावणीवर बोट असा मार्ग धरला. पहिले काही महिने ‘हे विरोध करतच नाहीत’ अशी टीका झाली, पण चूक कुणाची हे उघड झालं तेव्हा प्रश्न विचारायला ते मोकळे होते.

९. सभागृहात नव्या नेत्याने नेमकं काय साधायचं असतं?

आपल्या बाकांवरच्या लोकांना मान ताठ करून बसता यावं, हे. टीव्हीवरचे प्रेक्षक नंतर.

ब्रिटनमध्ये दर बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात. त्यात विरोधी पक्षनेत्याच्या वाट्याला सहा. सहाही एकाच विषयावर लावायचे की तीन-तीन विभागायचे, यावर सकाळभर खल चालतो. कॉर्बिन यांनी सप्टेंबर २०१५ मधल्या पहिल्याच फेरीत लोकांनी ईमेलने पाठवलेले प्रश्न वाचून दाखवले. स्वर शांत, विषय घरभाडी आणि मानसिक आरोग्य. गोंगाटाला कंटाळलेल्यांना ते आवडलं. पण तयार उत्तर देऊन पंतप्रधान खाली बसले की पाठचा प्रश्न वेगळ्याच विषयावरचा यायचा, त्यामुळे ते कशातच अडकले नाहीत. प्रश्नोत्तराचा जोर पहिल्या प्रश्नात नसतोच, उत्तर ऐकून सुचलेल्या दुसऱ्यात असतो. आपल्याकडच्या तारांकित प्रश्नालाही, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नालाही, हेच लागू: छापील प्रश्न कुणीही विचारतो, मंत्र्याला घाम फुटतो तो पुरवणी प्रश्नाला.

१०. स्वतःचा कार्यक्रम लगेच का जाहीर करत नाहीत?

निवडणूक चार वर्षं लांब असेल तर चांगली कल्पना सरकार उचलतं, वाईट कल्पना तुमच्या गळ्यात बांधून ठेवतं. आधी दिशा, तपशील नंतर. मात्र तिसऱ्या वर्षीही फक्त दिशाच असेल तर लोक म्हणतात, यांच्याकडे काही नाहीच.

११. हरलेल्या पक्षाकडे पैसा कुठून येतो?

आटतोच, देणगीदार सत्तेकडे वळतात. ब्रिटनने १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी निधी सुरू केला. तेव्हाचे सभागृह नेते एडवर्ड शॉर्ट यांच्या नावावरून त्याला ‘शॉर्ट मनी’ म्हणतात. पण तो जागा आणि मतांच्या प्रमाणात असतो. त्यामुळे दारुण पराभवानंतर नव्या नेत्याचं पहिलं अप्रिय काम बहुधा मुख्यालयातली माणसं कमी करणं हेच असतं. भारतात असा थेट निधी नाही; मान्यताप्राप्त पदाबरोबर येणाऱ्या सोयींबद्दल प्रश्न २ पाहा.

१२. सरकार डळमळतंय. नव्या नेत्याने ते पाडावं का?

पाडल्यावर कोण, याचं उत्तर कागदावर असेल तरच.

१७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. सोनिया गांधींना काँग्रेसचं अध्यक्ष होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. राष्ट्रपतींना भेटून बाहेर आल्यावर त्यांनी कॅमेऱ्यांसमोर २७२ खासदारांचा पाठिंबा असल्याचं सांगितलं. मुलायमसिंह यादव यांनी पाठिंबा नाकारला आणि तो आकडा हवेत विरला. निवडणूक झाली, काँग्रेस १४१ वरून ११४ वर आली.

आता स्पेन. पेद्रो सांचेझ यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वपक्षीयांनीच घालवलं, मे २०१७ मध्ये सदस्यांच्या मतांवर ते परत आले. जून २०१८ मध्ये पक्षाचे ३५० पैकी फक्त ८४ खासदार असताना त्यांनी १८० मतं जमवली आणि पंतप्रधान झाले. तिथल्या घटनेत अविश्वास ठरावातच पर्यायी पंतप्रधानाचं नाव द्यावं लागतं, त्यामुळे आकडा आधी आणि कॅमेरे नंतर, हा क्रम आपोआप पाळला जातो. भारतात तशी सक्ती नाही, म्हणून ती नेत्याने स्वतःवर घालून घ्यायची.

१३. नवा नेता आला आणि पक्षच फुटला तर?

फुटीनंतर राग गिळता येतो का, हे महत्त्वाचं. मायकेल फूट नोव्हेंबर १९८० मध्ये १३९ विरुद्ध १२९ अशा निसटत्या मतांनी मजूर पक्षाचे नेते झाले. चार महिन्यांत चार बडे नेते बाहेर पडून त्यांनी एसडीपी (सोशल डेमोक्रॅटिक पार्टी) हा नवा पक्ष काढला. विरोधी मतं विभागली गेली आणि १९८३ चा निकाल प्रश्न ७ मध्ये आलाच आहे.

सोनिया गांधींच्या नेतृत्वाला आव्हान देत शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर मे १९९९ मध्ये काँग्रेसबाहेर पडले, जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही काँग्रेसनी महाराष्ट्रात विलासराव देशमुखांचं सरकार मिळून बनवलं. निवडणूक एकमेकांविरुद्ध लढवून महिन्याभरात एका टेबलावर बसायला दोन्हीकडे जाड कातडी लागते.

कायदा फार मदतीला येत नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा एकट्यादुकट्याला रोखतो. एक तृतीयांशाच्या फुटीची सवलत २००३ च्या दुरुस्तीने गेली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट अजून आहे. म्हणजे गटातले दोन तृतीयांश हलायला लागले की नेत्याकडे उरते ती मनधरणीच.

१४. सर्वेक्षणात २० अंकांनी पुढे आहोत. मग कसली काळजी?

ती आघाडी कुणाविरुद्ध आहे, त्याची. कॅनडात पिएर पॉलिएव्ह सप्टेंबर २०२२ मध्ये पहिल्याच फेरीत ६८ टक्के मतांनी हुजूर पक्षाचे नेते झाले. २०२४ अखेर त्यांचा पक्ष २० अंकांहून जास्त पुढे होता. सगळी मोहीम जस्टिन ट्रूडो यांच्याभोवती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रूडो यांनी पायउतार होण्याची घोषणा केली, मार्क कार्नी आले, अमेरिकेच्या आयातशुल्काने विषयच बदलला. एप्रिलच्या निवडणुकीत पॉलिएव्ह यांच्या पक्षाला ४१ टक्क्यांवर मतं मिळाली, तरी सत्ता लिबरल पक्षाकडेच राहिली. समोरचा माणूस बदलला तर आपलं काय, हा प्रश्न आघाडी असतानाच विचारायचा असतो.

१५. निवडणूक तोंडावर असताना नेता बदलणं म्हणजे आत्मघात ना?

सहसा हो, पण दोन ठळक अपवाद. ऑस्ट्रेलियात ३ फेब्रुवारी १९८३ ला बिल हेडन यांनी मजूर पक्षाचं नेतेपद सोडलं आणि त्याच दिवशी पंतप्रधान माल्कम फ्रेझर निवडणूक मागायला गव्हर्नर जनरलकडे गेले. बॉब हॉक नेते झाले आणि ५ मार्चला जिंकले. परिस्थिती अशी आहे की गुरं हाकणाऱ्याचं कुत्रंसुद्धा ही निवडणूक जिंकेल, असं हेडन जाता जाता बोलले. न्यूझीलंडमध्ये १ ऑगस्ट २०१७ ला अँड्र्यू लिटल बाजूला झाले आणि जॅसिंडा आर्डर्न आल्या. मतदान २३ सप्टेंबरला होतं. पक्ष ४६ जागांसह दुसरा आला, नॅशनल पक्षाला ५६ मिळाल्या, पण न्यूझीलंड फर्स्ट या पक्षाच्या साथीने आर्डर्न पंतप्रधान झाल्या.

दोन्हीकडे जुना नेता स्वतःहून बाजूला झाला होता, हे विसरू नका. ओढून काढावा लागला असता तर ते आठवडे भांडणातच गेले असते.

१६. नेता स्वतःच सभागृहाचा सदस्य नसेल तर?

कुणीतरी सुरक्षित जागा रिकामी करतं आणि पोटनिवडणूक होते. पॉलिएव्ह यांनी २०२५ च्या त्याच निवडणुकीत स्वतःचा कार्लटन मतदारसंघही गमावला. अल्बर्टा प्रांतातल्या एका खासदाराने राजीनामा दिला आणि ऑगस्टमध्ये पॉलिएव्ह तिथून निवडून आले. मधल्या काळात सभागृहात विरोधी पक्षनेते म्हणून अँड्र्यू शीअर उभे राहिले, म्हणजे प्रश्न १ मधली दोन तोंडांची अडचण, फक्त तात्पुरती. कॅनडाचेच ब्रायन मलरोनी १९८३ मध्ये असेच जागेशिवाय नेते झाले, दोन महिन्यांत पोटनिवडणुकीने आत आले आणि पुढच्या वर्षी २११ जागा जिंकल्या.

सांचेझ यांना तर त्याचीही गरज पडली नाही. त्यांनी खासदारकीचा राजीनामा ऑक्टोबर २०१६ मध्येच दिला होता. स्पेनच्या घटनेत पंतप्रधानपदासाठी खासदार असण्याची अट नाही, त्यामुळे जून २०१८ च्या ज्या मतदानाने ते पंतप्रधान झाले त्यात त्यांचं स्वतःचं मत नव्हतं. भारतात मंत्र्याला सहा महिने सदस्य नसताना राहता येतं, विरोधी पक्षनेत्याला एक दिवसही नाही. १९७७ च्या कायद्याची व्याख्याच ‘सभागृहाचा सदस्य’ इथून सुरू होते.